रिपोर्ट नॉर्मल, धमनी मात्र वयाच्या पुढे

समजा, चौतिशीची एक बाई आहे. तीन वर्षांपूर्वी तिला तकायासू आर्टरायटिस असल्याचं कळलं. महाधमनी आणि तिच्यातून निघणाऱ्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतींना सूज आणणारा हा आजार. सिगारेट नाही, मधुमेह नाही, वजन बेताचं. लिपिड प्रोफाइलचा कागद येतो: एकूण कोलेस्टेरॉल १५८, एलडीएल (‘वाईट’ म्हणवणारं कोलेस्टेरॉल) ८८, सगळं मर्यादेत. घरातले म्हणतात, चला, निदान हृदयाची तरी काळजी नको. आणि त्याच महिन्यात मानेच्या सोनोग्राफीत कॅरोटिड धमनीच्या भिंतीवर मेदाचा एक पक्का थर दिसतो. सत्तरीच्या माणसात तो दिसला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. चौतिशीत तो तिथे असायला नको.

ही बाई मी समजावण्यासाठी उभी केली आहे. तिच्या हातातला कागद मात्र नेहमीचाच आहे. तो खोटं बोलत नाही. पण त्यातले काही आकडे आजारानेच खाली ओढलेले आहेत, आणि जो आकडा पाहायला हवा होता तो त्यावर छापलेलाच नाही. बोलायचं आहे ते या दोन गोष्टींबद्दल, आणि जास्त करून दुसरीबद्दल.

एक भिंत, दोन आजार

धमनीची भिंत तीन पदरी असते. सगळ्यात आतला पदर रक्ताला लागून. त्यावर पेशींचं एकेरी, गुळगुळीत अस्तर. मधला पदर स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, त्याच्यामुळे धमनी ताणली जाते आणि परत आपल्या जागी येते. बाहेरचा पदर आधाराचा. मोठ्या धमन्यांची भिंत इतकी जाड असते की आतून वाहणारं रक्त तिला पुरत नाही, म्हणून बाहेरच्या पदरात तिच्या स्वतःसाठी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं.

तकायासूमध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी मुख्यतः या बाहेरच्या जाळ्यातून भिंतीत शिरतात. म्हणजे सूज बाहेरून आत येते, आणि सहसा भिंतीला सगळ्या बाजूंनी वेढते. धमनीत मेद साचण्याचा आजार, म्हणजे एथेरोस्क्लेरोसिस, नेमका उलट चालतो. तो आतल्या पदरात सुरू होतो आणि एका बाजूला फुगवटा धरतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर हा फरक चक्क डोळ्यांना दिसतो. आडव्या छेदात सुजलेली कॅरोटिड मॅकरोनीच्या नळीसारखी दिसते, सगळीकडून सारखी जाड. डॉक्टर त्याला ‘मॅकरोनी साइन’ असंच म्हणतात. मेदाचा थर मात्र वेडावाकडा, एकीकडे झुकलेला, कधी त्यात कॅल्शियमचे पांढरे चमकते ठिपके. आपल्या चौतिशीच्या बाईच्या पडद्यावर दोन्ही होतं: जाड नळी, आणि तिच्या आत एक वाकडा थर.

जाता जाता: ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते मिकितो तकायासू डोळ्यांचे डॉक्टर होते. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुण रुग्णाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र कडी पाहिली. मनगटाला नाडी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांत टिपली. पुढे ‘नाडीहीन आजार’ असंही त्याचं नाव पडलं.

रक्तवाहिन्यांच्या सुजेचे, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसचे, इतरही बरेच प्रकार आहेत. पन्नाशीनंतर होणारा जायंट सेल आर्टरायटिस, लहान मुलांच्या हृदयाच्या धमन्यांवर येणारा कावासाकी, शिरांनाही न सोडणारा बेहचेट, आणि बारीक रक्तवाहिन्यांचा, मूत्रपिंडावर घाला घालणारा ‘अँका’ गट. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कावासाकीने फुगलेली धमनी आणि मेदाने अरुंद झालेली धमनी या एकच गोष्ट नाहीत. तरी मोठ्या माणसांमध्ये, विशेषतः आजार वर्षानुवर्षं धुमसत राहिला तर, धमन्या वयाच्या आधी जून होतात, हे यातल्या बऱ्याच प्रकारांत आढळलं आहे.

कण आत अडकतो कसा

कोलेस्टेरॉल म्हणजे तेलकट पदार्थ. रक्तात तो सुटा विरघळत नाही. म्हणून यकृत त्याला प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून पाठवतं. हे गाठोडं म्हणजे लायपोप्रोटीन. एलडीएलचा कण साधारण २० ते २५ नॅनोमीटरचा, म्हणजे अस्तर ओलांडून भिंतीत शिरण्याइतका बारीक. शिरलेले बरेचसे कण परत बाहेरही पडतात. गडबड होते ती जे आत चिकटतात त्यांच्यामुळे. त्यांतला मेद ऑक्सिडाइज होतो, अस्तर धोक्याचा इशारा देतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येऊन ते कण खातात आणि खाऊन खाऊन फेसाळ होतात. या फेसाळ पेशींचा ढीग म्हणजे थराची सुरुवात.

आता यात आधीच सुजलेली भिंत आणा. अस्तर आधीपासूनच चिकट झालेलं, पांढऱ्या पेशी दारात उभ्या, मधला पदर जागोजागी फाटून व्रण धरलेला, अरुंद जागेतून रक्त भोवरे घेत वाहतं आहे. सामान्य माणसाच्या धमनीत ज्या कणाला चिकटायला वर्षं लागली असती त्याला इथे फार वाट पाहावी लागत नाही.

सूज आधी की मेद आधी, हा वाद जुना आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या रुडॉल्फ विर्खो यांनी धमनीचा आजार ही मुळात सूज आहे असं मांडलं. १९१३ मध्ये रशियाच्या निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खायला घालून त्यांच्या धमन्यांत थर तयार करून दाखवले, आणि पुढची कितीतरी दशकं पारडं कोलेस्टेरॉलकडे झुकलं. २०१७ मध्ये कॅन्टोस नावाच्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांवर ती केली होती. त्यांना कॅनाकिनुमॅब हे सूज शमवणारं औषध दिलं गेलं. एलडीएल जिथल्या तिथे राहिलं, तरी मधल्या डोसच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण मिळून १५ टक्क्यांनी उतरलं. (जीवघेणे संसर्ग मात्र वाढले, त्यामुळे ते रोजच्या वापराचं औषध झालं नाही.) मला विचाराल तर हा वादच आता निकालात निघाला आहे: दोघांनाही एकमेकांची गरज आहे, आणि व्हॅस्क्युलायटिसच्या रुग्णात दोघं एकाच भिंतीत राहतात.

सूज कोलेस्टेरॉलचा आकडा पाडते

इथे पहिली फसगत. सूज भडकलेली असताना एलडीएल वाढत नाही, उलट उतरतं. शरीर ते नेहमीपेक्षा वेगाने वापरून टाकतं. सांध्यांना सूज आणणाऱ्या रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांमध्ये हे इतकं ठळक दिसलं की त्याला ‘लिपिड पॅराडॉक्स’ असं नाव पडलं: कोलेस्टेरॉल कमी, धोका जास्त. ‘चांगलं’ म्हणवणारं एचडीएलही घटतं. शिवाय जे उरतं त्याचं वेष्टन बदलतं. नेहमीच्या प्रथिनाच्या जागी सुजेच्या काळात तयार होणारं दुसरंच प्रथिन चिकटतं आणि कोलेस्टेरॉल भिंतीतून परत आणण्याचं त्याचं काम मंदावतं. कागदावर फक्त आकडा येतो, कामाची प्रत नाही.

उपचार सुरू झाले, सूज उतरली, की एलडीएल वर चढतं. रुग्ण घाबरतात: ‘औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं!’ काही अंशी ते खरंही असतं, स्टिरॉइड मेद, साखर आणि रक्तदाब तिन्ही वाढवतं. पण बऱ्याचदा तो मूळचा आकडा परत आलेला असतो. म्हणून लिपिड प्रोफाइल आजार शांत असताना करावी, किंवा निदान त्याच दिवशीचे ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किती आहे ते दाखवणारे रक्ततपासणीचे आकडे, शेजारी ठेवून वाचावी. सीआरपी ६० असताना आलेलं ८८ एलडीएल आणि सीआरपी २ असताना आलेलं ८८ एलडीएल हे दोन वेगळे निकाल आहेत.

न छापलेला आकडा

१९६३ मध्ये ऑस्लोचे आनुवंशशास्त्रज्ञ कोरे बेर्ग यांना रक्तात एक नवं लायपोप्रोटीन सापडलं. नाव पडलं लायपोप्रोटीन-ए, आणि तेव्हापासून नावाचा घोळ चालू आहे. रोमन लिपीत हा ‘ए’ लहान अक्षरात लिहितात, कारण मोठ्या अक्षरातला ‘ए’ एचडीएलच्या प्रथिनाचा. एक त्रास देणारा, दुसरा राखण करणारा. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, त्यामुळे आपली आणखी पंचाईत. प्रयोगशाळेत ‘एल-पी-लिटल-ए’ म्हणतात. मी इथे एलपी-ए म्हणतो.

एलपी-ए म्हणजे एलडीएलसारखाच एक कण, फक्त त्याच्या अंगाला एक लांब शेपूट डकवलेलं. ते शेपूट वळ्यांचं बनलेलं असतं. डेन्मार्कमधल्या क्रिंगल नावाच्या वेटोळ्या पेस्ट्रीशी त्या वळ्यांचं साम्य, म्हणून त्यांना क्रिंगल म्हणतात. १९८७ मध्ये या शेपटाचं जनुक वाचलं गेलं तेव्हा ते प्लाझ्मिनोजेनच्या जनुकाचं जुळं निघालं. प्लाझ्मिनोजेन म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेतलं प्रथिन. सोंग त्याचं, काम मात्र येत नाही. प्रयोगशाळेत हे सोंग गुठळी विरघळण्यात अडथळा आणताना दिसलं आहे. जिवंत माणसात ते कितपत घडतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. निसर्गात हा कण माणूस आणि काही वानरांमध्ये सापडतो, आणि एक अपवाद म्हणजे हेजहॉग हा काटेरी छोटा जीव, ज्याच्यात तसाच कण वेगळ्या वाटेने तयार झाला. कशासाठी, देव जाणे.

शेपटात वळी किती, हे जनुक ठरवतं. काहींच्यात मोजकी, काहींच्यात चाळीसहून जास्त. गंमत अशी की वळी कमी, शेपूट आखूड, तर यकृताला ते बनवून बाहेर पाठवणं सोपं जातं आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून दोन निरोगी माणसांत एकाचं एलपी-ए १ मिलिग्रॅम आणि दुसऱ्याचं १५० असू शकतं. आहार, व्यायाम, वजन यांचा या आकड्यावर जवळजवळ काही परिणाम नाही. साधारण पाचव्या वर्षापर्यंत तो ठरतो आणि पुढे थोड्याफार फरकाने तिथेच राहतो. जगात दर पाच माणसांमागे एकाचं प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या वर आहे. बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही, कारण नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी नसते; वेगळी मागावी लागते. त्यातलं कोलेस्टेरॉल मात्र एलडीएलच्या आकड्यात गुपचूप मिसळलेलं असतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, नीट घेऊनही एलडीएल अपेक्षेइतकं उतरत नसेल, तर एक शंका इथेही घ्यावी.

हा आकडा फक्त धोक्याची खूण आहे की स्वतः गुन्हेगार, हे २००९ च्या सुमारास जनुकांच्या मोठ्या अभ्यासांनी बरंचसं स्पष्ट केलं. जन्मतः जास्त एलपी-ए देणारी जनुकं ज्यांच्याकडे आहेत त्यांना हार्ट अटॅकही जास्त. जनुकं वाटली जातात जन्माआधी, त्यामुळे ‘आजारामुळे आकडा वाढला असेल’ ही पळवाट बंद होते.

सुजेशी त्याचं नातं दोन बाजूंनी आहे. ऑक्सिडाइज झालेला, भिंतीला चेतवणारा मेद रक्तात सगळ्यात जास्त याच कणांवर लादलेला असतो. व्हॅस्क्युलायटिस नसलेल्या, पण एलपी-ए जास्त असलेल्या माणसांचं पीईटी (पेट) स्कॅन, म्हणजे शरीरात सूज कुठे आहे ते दाखवू शकणारी तपासणी, केलं तेव्हा त्यांच्या धमन्यांच्या भिंतींत जास्तीची धग दिसली. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की एलपी-एच्या जनुकाच्या सुरुवातीला इंटरल्युकिन-६ ला प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत. हा रेणू म्हणजे सुजेचा दवंडीवाला. तो वाढला की यकृत सीआरपी ओतायला लागतं, आणि एलपी-ए बनवायचा हुकूमही त्याच्याकडून जातो. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) यांच्या रुग्णांत एलपी-ए इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे. इंटरल्युकिन-६ चा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं की ते साधारण एक तृतीयांशाने उतरतं. हेच औषध २०१७ मध्ये अमेरिकेत जायंट सेल आर्टरायटिससाठी आणि जपानमध्ये त्यासोबत तकायासूसाठीही मंजूर झालं. मजा म्हणजे तेच औषध एलडीएल वर नेतं. एका हाताने देतं, दुसऱ्या हाताने काढून घेतं.

मूत्रपिंड हा आणखी एक धागा. लघवीतून प्रथिनं जायला लागली किंवा मूत्रपिंडाचं काम मंदावलं की एलपी-ए वाढतं. अँका गटाच्या आजारात मूत्रपिंडालाच मार बसतो. म्हणजे वारशाने आलेल्या आकड्यावर आजाराची भर. थायरॉइड मंदावणं आणि पाळी बंद होणं यांनीही तो थोडा सरकतो, पण मूळ रक्कम वारशाचीच.

कागद वाचताना एक सावधगिरी. एलपी-ए दोन एककांत येतं: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि नॅनोमोल प्रति लिटर. पहिलं वजन मोजतं, दुसरं कणांची संख्या. शेपटांची लांबी माणसागणिक वेगळी, त्यामुळे एकाला ठरावीक आकड्याने गुणून दुसरं अचूक काढता येत नाही. साधारणपणे ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर जास्त धरतात. ‘आमच्याकडे १२० आलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही; एकक विचारा.

दंडावरचा रक्तदाब

आणखी एक आकडा फसवतो आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तकायासूमध्ये हाताकडे जाणारी धमनी अरुंद झालेली असू शकते. मग त्या दंडावर मोजलेला दाब खरा नसतो. अडथळ्याच्या पलीकडे पोचलेला उरलासुरला दाब असतो. कफ बांधला, १०८ आलं, नोंद झाली ‘उत्तम’. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड मात्र कदाचित १६० सोसताहेत, कारण मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की दाब चढतो. दोन्ही दंडांच्या दाबात १० हून जास्त फरक हा या आजाराच्या जुन्या निकषांपैकी एक आहे. दोन्ही हात बाधित असतील तर पायावर मोजावं लागतं. निरोगी माणसात पायातला वरचा दाब हाताइतका किंवा थोडा जास्त असतो. फार मोठी तफावत निघाली तर हातावरचा आकडा विश्वासाचा नाही. कोणत्या हातापायावर मोजायचं हे एकदा डॉक्टरांकडून लिहून घेऊन फाईलच्या पहिल्या पानावर लावावं, इतकी ही साधी गोष्ट आहे.

धोका मोजण्याची जी गणनयंत्रं आहेत त्यांचाही इथे फार उपयोग नाही. त्यांतली बरीचशी चाळिशीपासून पुढच्यांसाठी बनलेली, आणि त्यांत वयाचं वजन सगळ्यात जास्त. चौतिशीच्या बाईचा ‘दहा वर्षांतला धोका’ कमीच दिसणार. ब्रिटनच्या क्यूरिस्क-३ मध्ये रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस आणि स्टिरॉइड यांचे रकाने आहेत, व्हॅस्क्युलायटिसचा नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात दीर्घकाळच्या सुजेचे आजार आणि ५० च्या वरचं एलपी-ए या दोन्ही गोष्टी ‘धोका वाढवणाऱ्या’ यादीत घातल्या. डॉक्टरने यंत्राचा आकडा बघून मग स्वतःची अक्कल वापरावी, असा त्याचा सरळ अर्थ.

करायचं काय

सगळ्यात आधी सूज खाली आणणं आणि ती खाली ठेवणं. बाकी सगळं त्यानंतर. स्टिरॉइडच्या भीतीने गोळ्या मनानेच कमी करणारे रुग्ण भिंतीतली धग वाढवून घेतात. स्टिरॉइड कमी करायचं ते दुसऱ्या औषधाचा आधार घेऊन, डॉक्टरांच्या हिशेबाने.

एलपी-ए आयुष्यात एकदा तपासावं, असं युरोपच्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये सर्वच प्रौढांसाठी सांगितलं. व्हॅस्क्युलायटिसच्या रुग्णाने ते आजार शांत असताना करावं, नाहीतर सुजेची भर धरली जाईल. जास्त आलं तर? उतरवणारी साधी गोळी नाही. स्टॅटिनने ते उतरत नाही, कधी किंचित वाढतंसुद्धा. तरी स्टॅटिन देतात, कारण ज्याला हात लावता येतो तो एलडीएलचा वाटा जितका खाली जाईल तितकं भिंतीवरचं एकूण ओझं हलकं होतं. पीसीएसके-९ हे प्रथिन (यकृताला रक्तातलं एलडीएल उचलण्यात आडकाठी करणारं) रोखणारी इंजेक्शनं एलडीएल बरंच आणि एलपी-ए साधारण पाव हिश्शाने कमी करतात. नायसिन या जीवनसत्त्वाने (बी-३) आकडा पडायचा, पण मोठ्या चाचण्यांत रुग्णांचा फायदा दिसला नाही, म्हणून ते मागे पडलं. रक्त यंत्रातून गाळून हे कण काढण्याची सोय काही देशांत आहे, पण ती आठवड्या-पंधरवड्याला करावी लागते. पेलाकार्सेन, ओल्पासिरान यांसारखी नवी औषधं यकृतातला एलपी-एचा संदेशच कापतात आणि आकडा ८० टक्के किंवा त्याहून जास्त पाडतात. आकडा पडल्याने अटॅकही टळतात का, हे तपासायला हजारो रुग्णांच्या चाचण्या उभारल्या गेल्या. नायसिनची गोष्ट आठवली की तो प्रश्न विचारणं किती गरजेचं होतं ते कळतं.

औषधांची सरमिसळ हाही विषय आहे. सायक्लोस्पोरिन किंवा कोल्चिसिन ही सुजेवरची औषधं चालू असताना काही स्टॅटिन स्नायूंना त्रास देऊ शकतात. आणि तकायासूच्या बहुतेक रुग्ण तरुण स्त्रिया असतात. मूल हवं असेल तर स्टॅटिनच नव्हे, सुजेच्या काही औषधांचाही आधीपासून विचार करावा लागतो. रूमॅटॉलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तिघं वेगवेगळ्या फायली लिहीत असतील तर हे निसटतं.

आपल्या त्या बाईचं एलपी-ए आजार शांत झाल्यावर तपासलं आणि समजा ते १८० नॅनोमोल आलं. तिला एक भाऊ आहे, एकोणचाळिशीचा, ठणठणीत. तकायासू त्याला नाही आणि बहुधा होणारही नाही. पण एलपी-एचं जनुक आईकडून किंवा वडिलांकडून येतं, आणि तेच त्याच्याकडेही आलं असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. त्याचाही लिपिड प्रोफाइलचा कागद नॉर्मल आहे.